छपराच्या पैशांचं सर्टिफिकेट

काही खोल्यांत माणसाचं भविष्य आधीच लिहून ठेवलेलं असतं. माझं महाडच्या बाजारपेठेत, कापडाच्या एका दुकानाच्या माडीवर लिहिलेलं होतं, आणि ते वाचायला बाबांना चष्मा पुसावा लागला.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती. बाबा कापडे गावच्या शाळेत मास्तर, आम्ही राहायला पोलादपुरात. मी बारावी होऊन घरी बसले होते. स्वयंपाकघरावरचं गवती छप्पर चुलीच्या बरोबर वर गळायचं, म्हणून बाबांनी कौलांसाठी पैसे बाजूला ठेवले होते. त्याच सुमारास महाडला कॉम्प्युटरचा वर्ग निघाला. सहा महिन्यांचा कोर्स, शेवटी सर्टिफिकेट. फी जवळपास कौलांएवढीच होती.

"मग कागदाखाली चूल मांडू काय गो?" तिने मला विचारलं.

आई काळ पावसाळ्यांत मोजायची, म्हणून बाबांनीही हिशेब तसाच मांडला. जाहिरातीतल्याएवढा पगार मिळाला तर एका पावसाळ्यात कौलं. निम्मा मिळाला तर दोन. नोकरीच मिळाली नाही तर, असं लिहून त्यांनी पुढची जागा कोरी ठेवली. मग म्हणाले, आधी वर्ग बघून येऊ.

जिन्याच्या तळाशी चपला काढायची पाटी होती. वर दाराला जाड लाल पडदा, आणि आत शिरताच कापराचा वास. आमच्या घरात देव्हारा नव्हता. बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लागायची, तीही वारा नसेल तर. बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "चपला काढायला लावतात तिथं फी आधी विचारावी."

आत थंडी होती. महाडात इतकी थंडी मी कधी अनुभवली नव्हती. खिडक्या काळ्या कागदाने बंद केलेल्या, समोर एकच मशीन, त्याला हार. मशीनच्या पडद्याचा हिरवा उजेड पाच-सहा मुलामुलींच्या तोंडांवर पडला होता, आणि ती सगळी डोहाच्या तळाशी बसल्यासारखी दिसत होती. बोटं भराभर चालत होती, पण आवाज अजिबात नव्हता. जवळ गेल्यावर कळलं की त्यांच्यापुढे पुठ्ठे होते. पुठ्ठ्यांवर शाईने कीबोर्ड काढलेला. मशीनवर आठवड्यातून एकदा पाळी येई. बाकीचे दिवस सराव.

वर्गाचे सर हळू आवाजात बोलायचे. त्यांनी फळ्यावर पगाराचा आकडा लिहिला आणि त्याच्याकडे थोडा वेळ आमच्याबरोबर बघत उभे राहिले.

तेवढ्यात वीज गेली. मशीनची घरघर थांबली. सर फ्यूज बघायला खाली गेले. मुलं मात्र जागची हलली नाहीत. काळोखात त्यांची बोटं पुठ्ठ्यांवर चालतच होती. पुठ्ठ्याला वीज लागत नाही. नखांची बारीक खरखर तेवढी ऐकू येत होती. कुणीतरी सतत काहीतरी लिहीत होतं आणि ते कुठेच उमटत नव्हतं.

मला बाहेर जायचं होतं. बाबांनी दाराचा पडदा सारला. दुपारचा तिरपा उजेड मशीनच्या मेलेल्या काचेवर पडला, आणि तिच्यावर अक्षरं होती. इंग्रजी, पुसट, राखेच्या रंगाची. बाबांनी चष्मा पुसून वाचली. नाव. हजर दिवस. रोजंदारी. प्रत्येक शब्दापुढे कोरी जागा.

"बंद आहे तरी विचारतंय," बाबा म्हणाले.

पुठ्ठ्यावर सराव करणारी एक मुलगी मान न वळवता म्हणाली, "ते रोजच असतं. आम्ही तिकडं बघत नाय."

वर आल्यावर सरांनी खुलासा केला. मशीन आधी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात होतं. तिथे वर्षानुवर्षं एकच पान उघडं राहिलं, त्यामुळे अक्षरं काचेत जळून बसली. कारखाना पुढे बंद झाला. सर हे अभिमानाने सांगत होते.

 दुसऱ्या दिवशी बाबांनी फी भरली. आईने कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "निदान मशीन तरी खोटं बोलत नाय." घरात बाबा 'नाय' म्हणाले की विषय संपलेला असे.

सर्टिफिकेट सोनेरी काठाचं आलं, बाबांच्या सगळ्या सर्टिफिकेटांहून मोठं. त्या जोरावर मला वसाहतीतल्या एका कारखान्यात ऑपरेटरचं काम मिळालं. पहिल्या सकाळी मशीन सुरू केलं, पान उघडलं. नाव, हजर दिवस, रोजंदारी. साहेब म्हणाले, पहिलं तुमचंच भरा. भरताना मला पुठ्ठ्यावरची खरखर ऐकू आली. मी वळून बघितलं. मागे भिंत होती.

फळ्यावरच्या आकड्याच्या निम्मंही मला मिळत नव्हतं. मी महिनाभर सगळ्यांची रोजंदारी त्या पानात भरत असे, त्यामुळे हेही लवकर कळलं की माझा रोज आणि रसायनांचे ड्रम धुणाऱ्या बायकांचा रोज एकच होता. त्यांना दिवाळीला वर दोन रिकामे पत्र्याचे ड्रम मिळत. आम्हाला मिळत नसत, कारण आम्ही ऑफिसातल्या.

बाबांनी हिशेबाचा जुना कागद काढला आणि कोऱ्या ठेवलेल्या जागेकडे बराच वेळ बघितलं. आईने बघितलं नाही. ती तुडील गावच्या दोघी ड्रम धुणाऱ्यांकडे गेली, चार ड्रम ठरवून आली, ते कापून, ठोकून सपाट करून घेतले आणि छपरावर चढवले.

तेव्हापासून स्वयंपाकघर गळलेलं नाही. चुलीपुढे बसून मान वर केली की पत्र्याच्या आतल्या बाजूला लाल अक्षरं दिसतात : ही बाजू वर ठेवावी.