सुतकातलं पाउआ

पिरिहीराआत्याच्या ताटावरून कुणी अर्धपोटी उठलं, असं आमच्या मातातुईच्या वाडीत एकतीस वर्षांत एकदाही झालं नाही. हे मी सांगतेय, तिची भाची रिपेका, आणि मला तिचं कौतुक करायची अजिबात हौस नाही. बाई हट्टी होती, तोंडाने फाटकी होती, आणि आपण चुकू शकतो हे तिच्या गावीही नव्हतं. वाडीच्या भोजनघराच्या दाराशी कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि परत येणारी ताटं बघायची. कुणी टाकलेलं दिसलं की ताट हातात घेऊन बाहेर जायची आणि शंभर माणसांत विचारायची, "हे कुणाचं? काय कमी पडलं माझ्या जेवणात?" एकदा एक मंत्री सापडला होता. त्याने निमूट बसून संपवलं.

तिचा नवरा लाकडाच्या ट्रकवर होता, तो तरणा असतानाच गेला. मूलबाळ नाही. मग भोजनघर हाच तिचा संसार झाला. आमच्या किनाऱ्यावर प्रत्येक वाडीची एकेका पदार्थावर ख्याती असते आणि तो पाहुण्यांपुढे नसला तर त्या वाडीचं नाक गेलं म्हणून समजा. मग बाकी बारा पक्वान्नं मांडा, कुणी विचारत नाही. कुणाची वाम, कुणाचं कीना, म्हणजे समुद्रातला काटेरी गोळा. आमचं पाउआ. खडकाला घट्ट चिकटलेला काळाकुट्ट जीव, पाठीवर एकच शिंपला. आत्या तो फडक्यात गुंडाळून लाकडी मोगरीने बडवायची, बारीक करायची, कांदा आणि अंडं घालून वडे तळायची. पीठ घालायची नाही. पीठ भिंतीला कागद चिकटवायला असतं, म्हणायची.

फेब्रुवारीच्या शेवटी आमच्याकडे खाद्यमेळा भरतो. रग्बीच्या मैदानावर तंबू लागतात. ऑकलंडहून माणसं येतात, लाकडातल्या भाजलेल्या अळ्या तोंडात धरून फोटो काढतात आणि मैत्रिणीच्या अंगावर थुंकतात. आमच्या आजोबांनी भुकेपोटी खाल्लं ते आता यांची मौज. असो. मेळ्याचा खरा मान रविवारच्या जेवणाचा. त्या दिवशी सातही वाड्यांची मोठी माणसं आमच्या भोजनघरात जेवतात. फुकट, अर्थातच. आणि सगळे वाट बघतात ती त्या वड्यांची.

सात वर्षांपूर्वी मेळ्याच्या आधीच्या रविवारी एक पोरगा आमच्या खडकांवरून बुडाला. डेक्लन नाव, बावीस वर्षांचा, आतल्या भागातल्या दूधवाल्या गावचा. गळ टाकून बसला होता, लाट आली. संध्याकाळपर्यंत माझ्या बाबांनी, होहेपांनी, उत्तरेच्या टोकाशी खांब रोवला, दक्षिणेला ओढ्याच्या तोंडाशी दुसरा. मंत्र म्हटले. समुद्राला सुतक लागलं. आमच्यात त्याला राहुई म्हणतात. माणूस पाण्यात आहे तोवर त्या पाण्यातलं काही खायचं नाही. एरवी पाहुण्यांसाठी किती पाउआ काढायचं ती चिठ्ठी बाबाच लिहून द्यायचे. आता चिठ्ठीचा प्रश्नच नव्हता. पोरगा परका आहे, गोरा आहे, असं एकानेही म्हटलं नाही. समुद्र रंग विचारत नाही.

त्याची आई आली, ग्लेनिस. बारीक चणीची, साठीची. आम्ही तिला आमच्या सभाघरात गादी दिली, पण ती दिवसभर किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसायची. चहा प्यायची. खायला नको म्हणायची. आत्या रोज तिच्यापुढे ताट ठेवून यायची आणि रोज भरलेलं उचलून आणायची. तिला मात्र ती कधी बोलली नाही.

शोधायला चाळीस माणसं येत होती, पाणबुडे, पोलीस, वाड्यांतली पोरं. त्यांना दोन वेळ आत्याने जेवू घातलं. सुतकाच्या आधीचं पाउआ फ्रीजरमध्ये भरपूर होतं, मेळ्यासाठीच राखलेलं. ते बुधवारपर्यंत संपलं. दिवसभर पाण्यात राहिलेल्या माणसाला नको कसं म्हणायचं? शुक्रवारी फ्रीजर उघडून बघितला तर तळाला बर्फ.

बाबा म्हणाले, अक्का, या वर्षी बटाटे आणि मांस घाल, लोक समजून घेतील. त्यात काही खोटं नव्हतं. घातलं असतं तर लोकांनी उलट पाठ थोपटली असती. पण त्याच संध्याकाळी कैटाचा फोन आला. कैटा म्हणजे टोकापलीकडच्या वाडीची, आत्याच्याच वयाची, जन्माची हेवेखोर. दोघी शाळेपासून एकमेकींच्या चुका मोजत आल्या होत्या. कैटा म्हणाली, तुमची अडचण कळली, आमच्याकडचं पाउआ पाठवू का दोन पिशव्या? तिच्या मनात त्या वेळी खरंच दया होती असं मला आता वाटतं. पण आत्याला दयेचीच तर मिरची झोंबली. नको गं बाई, तळाशी एक पिशवी निघालीय, असं म्हणून तिने फोन ठेवला.

रविवारी पहाटे पाच वाजता तिने माझं दार वाजवलं. हातात गोणपाट आणि पाउआ उचकटायची बोथट सुरी. ओहोटी सहाची होती. मी काय समजायचं ते समजले.

उत्तरेच्या टोकाशी पोचलो. खांब समोर होता, पांढरा रंग दिलेला.

"आत्या, बाबांनी रोवलाय तो."

"दिसतोय मला. पोरगा बुडाला दक्षिणेला, ओढही दक्षिणेची. तो इकडे कसा येईल?"

"पाणी एकच ना?"

"पाउआ शेवाळ खातं, रिपेका. माणसं खात नाही." मग ती खाली बघत म्हणाली, "कैटाच्या पाउआवर माझं ताट सजलं, तर मी जगले काय नि मेले काय."

मी नाही म्हणू शकले असते. बेचाळीस वर्षांची बाई होते, लग्नाला आलेले दोन मुलगे घरात, कुणी माझा हात धरला नव्हता. पण मलाही कैटाचं तोंड बघायचं होतं. खोटं कशाला बोलू? मी पाण्यात उतरले. कपारीत हात घालून घालून ऐंशी काढली. आठवडाभर कुणी हात लावला नव्हता, म्हणून मोठीमोठी होती.

दुपारी भोजनघर गच्च भरलं. वडे आले आणि सगळ्यांचे चेहरे खुलले. बाबांनी आत्याकडे बघितलं. ती म्हणाली, फ्रीजरच्या तळाला होती एक पिशवी. बाबांनी स्वतःच्या ताटात मात्र घेतले नाहीत, सुतक लावणारा तो पाळतोच. कैटाने चार खाल्ले आणि म्हणाली, "फ्रीजरमधलं इतकं मऊ कसं राहतं गं तुझं?" आत्या हसली. मी पाच खाल्ले. चवीला तसं पाउआ मी त्याआधी खाल्लं नव्हतं.

आणि मग दारात ग्लेनिस उभी राहिली. सहा दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून आत आलेली. वासावर आली होती.

"कसला वास येतोय?" ती म्हणाली. "मला एक देता?"

आत्याच्या हातात परात होती. संपले म्हणाली असती, पडले म्हणून परात जमिनीवर टाकली असती तरी चाललं असतं. मी मनातल्या मनात टाक, टाक म्हणत होते. पण आमच्या दारात भुकेल्या माणसाने मागायचं आणि आम्ही नाही म्हणायचं, हे तिच्या हातांना येतच नव्हतं. शंभर माणसं बघत होती. तिने ताट वाढलं.

ग्लेनिसने सहा वडे खाल्ले. बोटं चाटली. मग रडायला लागली, आणि सगळं भोजनघर रडलं. कैटाने उठून आत्याला मिठी मारली आणि म्हणाली, आज तू जिंकलीस बाई. आत्या मागच्या दाराने बाहेर गेली. मी तिच्यामागे गेले तर ती दफनभूमीच्या फाटकाशी, जिथे आम्ही मयतावरून येताना पाणी घेतो, त्या कुंडीपाशी उभी राहून कोपरापर्यंत हात धूत होती.

मंगळवारी डेक्लन सापडला. उत्तरेच्या टोकाशी, कपारीत. मी हात घातले होते त्या कपारीपासून चार पावलांवर.

ग्लेनिस त्याला घरी घेऊन गेली. त्याच संध्याकाळी बाबांनी आत्याला एकच विचारलं, पाउआ कुठलं होतं. तिने सांगितलं. बाबा ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "त्या बाईला हे कधी कळता कामा नये." त्यानंतर ते आत्याच्या हातचं जेवले नाहीत. दोघांच्या घरांत शंभर पावलांचं अंतर, आणि सात वर्षं सख्खा भाऊ बहिणीच्या ताटावर बसला नाही. लोकांना वाटलं जमिनीवरून बिनसलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला? आत्याने समुद्रातलं खाणं सोडलं, लोकांना सांगितलं डॉक्टरने मना केलंय. दोन्ही गोष्टी आम्ही तिघांनी खपवल्या.

पण ग्लेनिस येत राहिली. हे आम्ही कुणी धरलंच नव्हतं. दर वर्षी मेळ्याच्या रविवारी सहा तास गाडी चालवून यायची, आत्यासाठी स्वतः विणलेलं काहीबाही आणायची, आणि वडे मागायची. आत्या करून द्यायची. रीतसर चिठ्ठीने काढलेलं, सुतक कधीच उठलेलं, तरी ग्लेनिसचा घास तोंडात जाईपर्यंत आत्या तिच्याकडे बघायची नाही. दारात उभं राहून ताटं बघणंही तिने सोडलं. मेळा मोठा होत गेला, पुढे कुठल्याशा मासिकात तिच्या वड्यांचं छापूनही आलं. ते पान मी तिला दाखवलं. तिने त्यात कांद्याची सालं गुंडाळली.

गेल्या हिवाळ्यात आत्या आजारी पडली, पोटाचाच आजार, खराखुरा. ग्लेनिस भेटायला आली. आत्याने मला दार लावायला सांगितलं. मला कळलं ती काय करणार ते, आणि मी अडवलं नाही, कारण मलाही आता ते ओझं पेलत नव्हतं.

"ग्लेनिस," आत्या म्हणाली, "त्या दिवशीचे वडे..."

ग्लेनिसने तिचा हात धरला. "ते मिळाले म्हणून मी आज आहे. त्या दिवशी मी ठरवलं होतं, जेवणं आटोपून सगळे पांगले की त्याच्यामागोमाग पाण्यात शिरायचं. मग तुझा वास आला." आणि हसली. "म्हणजे तुझ्या वड्यांचा."

आत्याने तोंड मिटलं. भिंतीकडे वळून झोपली. चौथ्या दिवशी गेली.

मयताला सातही वाड्या आल्या. तिसऱ्या दिवशी पुरलं, मग जेवण. वडे मी केले. ग्लेनिस मधल्या टेबलाशी बसली होती, तिच्या शेजारी बाबा, समोर कैटा. ग्लेनिसने दोन खाल्ले, तिसरा अर्धा ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नकोस, रिपेका," ती म्हणाली. "तुझे छान झालेत. आत्याचेही दर वर्षी छानच व्हायचे. पण त्या पहिल्या दिवसाची चव पुन्हा कधी आली नाही. तेव्हाचं पाउआ कुठल्या खडकावरचं होतं गं? तिथे एकदा जाऊन बसावं म्हणते."

बाबांचा चमचा थांबला. आमच्या खडकांचं नाव मला घेता येईना. ती खरंच जाऊन बसली असती.

"आमचं नव्हतं ते," मी म्हटलं. "टोकापलीकडचं. कैटाकडून आलेलं."

बोलून गेले आणि मग लक्षात आलं की कैटा समोरच बसलीय. फ्रीजरच्या तळाची पिशवी तिला फोनवर सांगितलेली. तिने माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. मग खिडकीतून उत्तरेच्या टोकाकडे. तिला फार वेळ लागला नाही. सत्तर वर्षं ती आत्याला ओळखत होती.

"हो," कैटा म्हणाली. "मीच पाठवलं होतं."

ग्लेनिसने टेबलावरून वाकून तिचा हात ओठांना लावला. म्हणजे तुझेही माझ्यावर उपकार आहेत, म्हणाली. कैटाने मान डोलावली, चहाचं बघते म्हणून उठली आणि मागच्या दाराने गेली. चहा तिकडे नसतो.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले. ती फाटकाजवळच्या कुंडीपाशी उभी होती. तिने कोपरापर्यंत हात धुतले, मग चूळ भरली, मग पुन्हा हात धुतले. सात वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी तिनेही चार खाल्ले होते.