भालेराव सरांचं ॲसिड

भालेराव सरांकडे वाटीभर साखर मागायला जावं आणि किस्सा घेऊन परतावं, असं इतक्यांदा झालं की साखर बऱ्याचदा राहूनच गेली!

सर आमच्या कोपरगावच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला वर्षभरासाठी आलेले. कमिटीच्या पाटलांना शिकवणं पसंत पडलं तर कायम, नाहीतर बायको-लेकीसह परत जामखेडला. मी सातवी पास, पण चौकशी दांडगी.

*

"सर, ॲसिड म्हणजे आंबट ना?"

"असेलच असं नाही, मावशी. इलेक्ट्रॉनची जोडी घेईल ते लुईस ॲसिड, देईल तो बेस."

आतून सुमन, त्यांची बायको, म्हणाली, "मग ह्या घरात ॲसिड कोण ते ओळखा. सकाळपासून तिसरा चहा घेतलाय ह्यांनी!"

*

गोदावरीचं पाणी गढूळ आलेलं. मी हंड्यात तुरटी फिरवत होते. सर दारातच थबकले.

"मावशी, हे आमचंच लुईस ॲसिड! तुरटीतलं ॲल्युमिनियम पाण्याकडून जोडी घेतं."

"घेऊ दे हो, पण गाळ खाली बसवू दे!"

*

कॉलेजात ॲल्युमिनियम क्लोराइडची बाटली उघडली आणि दमट हवेत धूर निघाला. भिकाजी शिपाई बादली घेऊन धावला.

"पाणी नको!" सर ओरडले. "पाण्यामुळंच धुमसतंय ते!"

"सर, मंग इझवू कशानं? च्यानं?"

*

मग पाटील वर्गात बसायचा दिवस आला. सर डबा विसरले, म्हणून मी गेले. खिडकीतून बघते तर सरांचा चेहरा पांढराफटक. अमोनियाची बाटली बूच सैल राहून पार उडून गेलेली, आणि मोरचुदाचं पाणी निळंशार करून दाखवायचं होतं.

भिकाजी फाटकाबाहेरच्या कल्हईवाल्याकडून मूठभर नवसागर घेऊन आला. "मावशी, चुना हाय का?" मी पानाच्या चंचीतला सगळा दिला. सरांनी दोन्ही नळीत तापवलं. अमोनियाचा वास असा सुटला की पुढच्या बाकावरचे पाटील आधी शिंकले, मग डोळे पुसू लागले. तिकडे फिकट पाणी गडद निळं झालं!

"पाहा, मोरचुदातल्या तांब्यानं जोडी घेतली, अमोनियानं दिली!" पोरांनी टाळ्या पिटल्या.

पाटील फेट्याचा शेमला डोळ्यांना लावून बाहेर आले. प्रिन्सिपॉलसाहेब दाराशीच उभे.

"कसं वाटलं, पाटील?"

घसा धरलेला. पाटलांनी नुसता हात हलवला.

प्रिन्सिपॉलसाहेब गहिवरले. क्लार्ककडे वळून म्हणाले, "पाटलांना रडवलं पोरानं! आजच भालेरावांना कायम केल्याची ऑर्डर टाईप करा."