नरपडच्या मावशींचा खरा खोकला

माझ्या नर्सच्या नोकरीतली सगळ्यात दणकेबाज भूमिका मी नरपडला केली, तीही वाळत घातलेल्या बोंबलांसमोर! प्रेक्षक दोनच. मासळी विकणाऱ्या एक मावशी आणि त्यांची सून.

मावशींचा खोकला हटत नव्हता, अंग उतरलं होतं. टीबी आहे का, हे बघायला छातीतला बेडका हवा होता. मी डबी दिली, समजावलं. परत आली ती डबी, आहाहा, काय नितळ थुंकी! दुसऱ्या खेपेलाही तेच. आजार छातीत आणि डबीत नुसती लाळ. तपासणार काय, कपाळ?

"जरा छातीच्या तळातून खोका ना, मावशी."

"एवढाच येतो गं बाय," मावशी गोड हसून म्हणाल्या.

पाणी द्यायच्या निमित्ताने सून मला आत घेऊन गेली. "सिस्टर, त्या मुद्दाम दाबतात. तुम्ही गेलात की घर हलवून खोकतात. टीबी निघाला तर बाजारात आपल्याकडनं मासळी कोण घेईल, ही भीती."

उपदेश केला असता तर मावशींनी चहा पाजून मला वाटेला लावलं असतं. म्हणून मी ठरवलं, भांडायचं! त्यांना अंगणात उघड्यावर आणलं, चूळ भरायला लावली, उघडी डबी हातात दिली. वारा माझ्या पाठीवर येईल अशी मी लांब उभी राहिले. मग तिथल्या मासळीच्या टोपलीकडे बघून नाक मुरडलं.

"मावशी, ही मासळी परवाची दिसते."

"काय?"

"डोळे बघा कसे पांढरे पडलेत. बोर्डीला याहून ताजी मिळते."

झालं! "बोर्डीला? अगं सुया टोचणारे, पापलेटाचा कल्ला कुठं असतो ते तरी ठाऊक आहे का तुला? माझ्या बापानं..." बापापर्यंत पोचल्या आणि छातीच्या तळातून खोकला उसळला.

"डबी, मावशी! डबीत!"

खोकला ओसरला तेव्हा डबीत हवं ते आलं होतं. मावशींनी झाकण लावलं आणि मी चक्क गिरकी घेतली. "फसवलंस की गं, अवदसे!" म्हणत त्याही हसायला लागल्या.

टीबी निघाला. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या घेऊन मी गेले, तर मावशींचा पहिला प्रश्न बाजाराचाच.

"तो श्वासातून पसरतो, मासळीतून नाही," मी म्हटलं. "गोळी एकही चुकवायची नाही. डॉक्टर हो म्हणाले की बसा खुशाल. तोवर घरी, आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी."

मावशी पदर तोंडावर धरून सुनेला म्हणाल्या, "उद्यापासून टोपली तू ने. माझ्याच जागेवर बस. बाजारातली शेजारीण जागा बळकावायला सरकत सरकत येईल, तिच्याकडे बघून हसू नकोस."

आणि माझ्यापुढे तळहात पसरला. "दे गं, कुठंयत तुझ्या गोळ्या?"