व्याहीबुवांची अर्धी राहिलेली फेरी

पाण्यात उभं असलेलं घर दिसलं की आमच्या व्याह्यांना भूक, गुडघा, देव आणि सून यातलं काही म्हणजे काही आठवत नाही, आणि असा माणूस सबंध इंग्लंडात दुसरा नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे. मी चौथी शिकलेला. पस्तीस वर्षं या देशात विटा रचल्या; क्रॉयडनच्या आसपास कितीतरी भिंती माझ्या हातच्या आहेत आणि एकही कललेली नाही. व्याही स्टॅनमोरचे. हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते, आता रिटायर. त्यांच्या मुलाला माझी मुलगी दिली म्हणून आमची गाठ पडली, नाहीतर ते मला भेटले असते ते ऑपरेशनच्या टेबलावर, आणि तेव्हा मी झोपलेलो असतो. लोक म्हणतात, म्हातारपणी डॉक्टर जरा चळले. चळू द्या. चळायला आधी जागचं हलावं लागतं, आणि असं म्हणणारे निम्मे लोक सोफ्यावरून हलत नाहीत.

लग्नातच मला अंदाज यायला हवा होता. कार्य केंटमधल्या एका जुन्या बंगल्यात होतं. मी मुलीचा बाप. आपल्यात मुलाच्या बापाचा मान ठेवायचा, तो रुसणार, आपण रुसवा काढायचा, ही रीत. मी कुणापुढे वाकणारा नाही, पण लेकीसाठी तेवढी तयारी करून शाल घेऊन दारात उभा राहिलो. तर व्याही गायब. सापडले मागच्या तळ्यावर. तिथल्या मॅनेजरला धरून विचारत होते, की हे पाणी घराच्या चारही बाजूंनी का नाही. मला म्हणाले, "एका बाजूला पाणी म्हणजे डबकं हो, व्याहीबुवा. घराला कसं सगळीकडून पाणी हवं!" मी शाल पुढे केली. त्यांनी ती घेतली, ओल्या बाकावर अंथरली आणि म्हणाले, "बसा." त्यानंतर बारा वर्षांत त्या माणसानं माझ्याकडे एकही मान मागितला नाही.

त्यांचं वेड म्हणजे जर्मनीतल्या खेड्यापाड्यांतले पाण्यातले वाडे आणि भुईकोट. तिकडच्या सपाट मुलखात मक्याच्या शेतातून गाडी चाललेली असते, कुठे काही दिसत नाही, आणि एकदम झाडांच्या आड लाल विटांचं घर, भोवती खंदक, त्यात बदकं. मी एकदा विचारलं, "अहो, इंग्लंडात काय किल्ल्यांचा दुष्काळ पडलाय?" तर म्हणाले, "आहेत की. पण तिथं आधी पार्किंग लागतं, मग दुकान लागतं आणि किल्ला शेवटी. तिकडे आधी किल्ला लागतो." डोंगरावरचा किल्ला ते मोजतच नाहीत. डोंगरावर शत्रूला दम लागतो, त्यात बांधणाऱ्याचं काय कौतुक, असं त्यांचं म्हणणं. सोबतीला मला न्यायचे, कारण त्यांच्या मते मी एकटाच माणूस असा की जो विटेकडे बघताना घड्याळाकडे बघत नाही. हे मात्र खरं आहे.

त्यांचा एक नेम होता. आत जायच्या आधी खंदकाच्या कडेनं एक पुरी फेरी मारायची, पायी, घर उजव्या हाताला ठेवून. डॉक्टर पक्के नास्तिक. मी म्हटलं, "ही तर प्रदक्षिणा झाली." चिडले. "प्रदक्षिणा नाही, पाहणी आहे." "मग एकदा उलट्या बाजूनं करा." त्यावर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चपला घालून स्वयंपाकघरात आलोय. "उलट्या बाजूनं कशी करणार?" म्हणाले, आणि चालू लागले. वाटेत कुंपण आलं तर ओलांडायचे, शेत आलं तर शेतकऱ्याचं दार वाजवायचे. एकदा मक्यात शिरलो ते दोघं दोन दिशांनी बाहेर आलो, आणि माझ्या बाजूला कुत्रा होता. प्रत्येक कोपऱ्यावर थांबून ते पाण्याची खोली मोजायचे, आणि तीही माझ्या ओळंब्यानं. ज्या ओळंब्यानं मी जन्मभर भिंती सरळ केल्या, त्याच्या दोरीला वीतवीतभर अंतरावर गाठी मारून हा माणूस त्याला परदेशच्या चिखलात बुडवायचा. मला राग यायचा. पण गाठी मी मारलेल्या होत्या, हेही सांगितलं पाहिजे. त्यांच्या गाठी सुटायच्या.

मागच्या वर्षी आम्ही अशाच एका वाड्यावर गेलो. दार उघडं होतं. व्याह्यांना वाटलं, इथे चहा मिळतो. दाराशी जोडे काढले, मोज्यांवर आत गेले आणि टेबलाशी बसले. एक म्हातारी बाई आली, आमच्यापेक्षाही मोठी. तिनं आधी दारातले जोडे बघितले, मग आम्हाला, आणि आत जाऊन कॉफी आणि केक आणून ठेवला. व्याह्यांनी बिल मागितलं तेव्हा ती म्हणाली, "हे माझं घर आहे." मला जमीन दुभंगावीशी वाटली. व्याही म्हणाले, "छान आहे. खंदकाला फेरी मारली तर चालेल?" त्यांच्या पिशवीतली थालीपिठं त्यांनी तिच्या बशीत ठेवली, आणि हिशेब मिटला.

दोन कोपरे होईपर्यंत सगळं ठीक. तिसऱ्या कोपऱ्यावर ओळंबा सोडता सोडता पाय घसरला आणि डॉक्टर सरळ खंदकात. छातीएवढं पाणी, चष्म्यावर शेवाळ. आणि पहिलं वाक्य काय? "व्याहीबुवा, पाच गाठी!" मी आणि बाईनं कपडे वाळत घालायच्या दोरीनं त्यांना वर ओढलं. फेरी तिथंच तुटली. मग तिच्या वारलेल्या नवऱ्याची पँट घालून ते चुलीशी बसले, आणि बाईनं तिच्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की तिचे मुलगे मागे लागलेत, खंदक कोरडा कर, नातवंडं येतात, कुणी पडेल. पण सगळं घर ओकाच्या खांबांवर उभं आहे आणि ते खांब पाण्याखाली आहेत. पाणी आहे तोवर लाकूड दगडासारखं. पाणी काढलं, वारा लागला, की कुजलं आणि घर खचलं. मला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या कराडकडे विहिरीच्या तळाला जांभळाचं लाकूड घालतात ते काय शोभेला?

व्याह्यांनी त्या परक्या पँटीतला फोटो स्वतःच घरच्या ग्रुपवर टाकला. इतका हुशार माणूस, पण ही अक्कल नाही. झालं. स्टॅनमोरला सगळे बसले. माझ्या लेकीनं सासऱ्यांचा पासपोर्ट कपाटात ठेवला, जावयानं गाडीची किल्ली घेतली, आणि मला खास क्रॉयडनहून बोलावलं, समज द्यायला.

लेक म्हणाली, "अण्णा, तुम्ही सांगा त्यांना. बाबांचा हिप तुटला असता! व्हॉट इफ तिथं कोणी नसतं?"

"मी होतो."

"तुम्ही पण सेव्हन्टी-सिक्स आहात!"

"मग? शहात्तराव्या वर्षी भिंत पडते का?"

"धिस इज नॉट फनी, अण्णा."

जावई भला आहे, हळू बोलतो. म्हणाला, "आम्ही नाही म्हणत नाही. ग्रुप टूरनं जा ना. कोचमधून दिसतं सगळं."

खंदकाचा विषय निघाल्यावर व्याह्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. गालिच्याकडे बघत होते. फक्त एकदा म्हणाले, "एक बाजू राहिलीय," आणि तेही गालिच्यालाच. मला ते सहन झालं नाही. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "ऐका. तिथे एका बाईचं घर पाण्यावर उभं आहे. तिच्या भल्यासाठी पोरं पाणी काढायला निघालीत. तुम्हीही काढा. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला कोण अडवणार? पण उद्या हे घर खचायला लागलं तर मला गवंडी म्हणून बोलावू नका."

लेक जिना चढून वर गेली. खाली आली आणि पासपोर्ट त्यांच्या नाही, माझ्या हातात ठेवला. "परत आणा बाबांना," म्हणाली. "ड्राय."

एप्रिलात गेलो. ट्रेननं, पुढे टॅक्सीनं. बाई पुलावरच उभी होती. व्याही पुलापासून निघाले, घर उजव्या हाताला, ऐटीत. पहिल्या कोपऱ्याशी बाक आहे. तिथं थांबले, गुडघ्यावर हात ठेवला आणि बसले. मग म्हणाले, "पुढची तुम्ही पुरी करा."

"तुमची फेरी मी कशी पुरी करू?"

"बारा वर्षांत एक मान मागितला नाही. आज मागतो. तुम्ही मुलीकडचे. ऐकायचं." आणि ओळंबा माझ्या हातात दिला.

मी गेलो. दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ते दिसत होते, रुमाल हलवत होते. मग वळलो आणि घर मधे आलं. तिसऱ्या कोपऱ्यावर त्यांच्या घसरणीची जागा गवतानं भरून गेली होती. ओळंबा सोडला, गाठी मोजल्या. मी आयुष्यात कुणासाठी घाईनं चाललेलो नाही, मुकादमासाठीसुद्धा नाही. पण त्या मागच्या बाजूला, जिथून व्याही दिसत नव्हते, तिथं मी जवळजवळ पळालो.

चौथ्या कोपऱ्यावर आलो, तर ते बाकावरून उठून उभे होते, हाताचा भोंगा करून. "किती?"

"पाच!"

"म्हणजे पाणी आहे तेवढंच आहे!" ते ओरडले, आणि बदकं उडाली.

पुलाशी फेरी पुरी झाली. तिथंच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी तसाच पुढे बाकापर्यंत गेलो. बाक दवानं ओला होता. त्यांनी गळ्यातला मफलर काढून शेजारी अंथरून ठेवला होता.

"बसा," म्हणाले.