सात नंबरची थप्पी

माझ्या नवऱ्याला वाटतं, मला शहागडचा चहा आवडत नाही. बीडला सासरी जाताना एसटी तिथे दहा मिनिटं थांबते. सगळे उतरतात, पोरं भजी मागतात — मी खिडकीशी बसून राहते. लग्न झाल्यापासून एकदाही तिथे खाली उतरलेले नाही. कारण चहा नव्हे. कारण काय, ते मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला तर ती जाईपर्यंत सांगितलं नाही. तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं. तुम्ही उद्या माझ्या घरी येणार नाही.

आधीच सांगते, मी रडणारी बाई नाही. जालन्यात ज्युनियर कॉलेजात हिशेब शिकवते. मुलं मला कडक म्हणतात. दरवर्षी पहिल्याच तासाला मी फळ्यावर लिहिते — जे डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याच्यापुढे खूण करायची नाही. मागच्या बाकावरची पोरं माझ्या आवाजात हे वाक्य म्हणून दाखवतात. मला ऐकू येतं. मी फळ्याकडे वळून पुढचं लिहिते.

गोष्ट आहे सत्तरच्या दशकातली. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, तालुका होता. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली होती आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने एका हिशेब तपासनिसांच्या ऑफिसात शिकाऊ म्हणून लागले. पगार नाही. वडिलांच्या ओळखीनं मिळालेली जागा. त्या ऑफिसात त्याआधी मुलगी कधी बसलीच नव्हती, त्यामुळे पहिल्या दिवशी माझ्यासाठी खुर्ची शेजारच्या दुकानातून आणावी लागली.

सर लाल पेन्सिलनं खुणा करायचे. अण्णा — म्हणजे तिथले जुने हेडक्लार्क — निळ्या. सरांनी मला हिरवी पेन्सिल दिली. म्हणाले, कागदावर कुठेही हिरवी खूण दिसली की ती तुझी, तिचा जबाब तू द्यायचा. मला त्या पेन्सिलीचा एवढा अभिमान वाटला की मी ती घरी नेऊन आईला दाखवली.

पण मला नुसतं टेबलावर बसवून बेरजा करायला देत. गोदामाची मोजणी असली की अण्णा एकटे जात. मी भांडले. अण्णा म्हणाले, "पोरी, गोदामात उंदरं असतात. मांजराएवढी."

"मला उंदरांची भीती वाटत नाही."

"उंदरांना तुझी वाटली तर?"

सगळं ऑफिस हसलं. सर हसले नाहीत. म्हणाले, पुढच्या मोजणीला हिला न्या. हे मी मुद्दाम सांगते आहे. मला कुणी ढकललं नव्हतं. मी मागून घेतलं होतं.

ती मोजणी वाटूरजवळच्या एका सोसायटीच्या गोदामातली. मे महिना. तिथला जुना गोदामपाल जाणार होता — चेअरमनचा मेव्हणा, त्याला दुसरीकडे चांगली जागा मिळाली होती. त्याच्याकडून नवा माणूस चार्ज घेणार होता. मागाहून वाद नको म्हणून आमच्या ऑफिसनं मधे उभं राहून पोती मोजायची, तक्ता भरायचा, खाली देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही.

नवा माणूस म्हणजे उत्तम. पंचविशीच्या आतला. जवळच्याच एका खेड्यातला, बौद्ध घरातला. घरात मॅट्रिक झालेला पहिला आणि नोकरीला लागलेलाही पहिला. त्यानं त्या दिवसासाठी शर्टाला इस्त्री केली होती, तीही तांब्यात निखारे घालून — शर्टाच्या बाहीवर एक छोटा गोल डाग पडला होता. तो डाग तो सारखा दुसऱ्या हातानं झाकत होता. मला तो माणूस आवडला होता का? हो. चांगला वाटला होता. म्हणजे माणूस सरळ आहे, हे मला समजत नव्हतं असं नाही.

पोत्यांची थप्पी कशी मोजतात ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लांबीची पोती मोजायची, रुंदीची, उंचीची, आणि गुणाकार करायचा. पण त्यात एक खोट आहे. बाहेरून थप्पी नेहमी भरलेलीच दिसते. आतून पोती काढून घेतली, कडेच्या भिंती तशाच ठेवल्या, तर गुणाकार तोच येतो. सर एकदा असे फसले होते. तेव्हापासून त्यांनी आमच्या तक्त्यात शेवटी एक रकाना वाढवला होता — 'वर चढून पाहिले'. वर चढायचं, थप्पीवर चालून पाहायचं, मगच खूण. ही आमच्या ऑफिसची रीत.

सहा थप्प्या खांद्याएवढ्या होत्या. त्या अण्णांनी आणि मी मिळून मोजल्या, माथा उभ्या उभ्या दिसत होता. मग जुना गोदामपाल अण्णांना म्हणाला, "चला की, रस मागवलाय. एकच राह्यलीय, ती मोजतील ताई." अण्णांचा घसा सुकला होता. ते गेले. राहिलो मी, उत्तम आणि दारात बसलेले दोन हमाल.

सातवी थप्पी खताची. पंधरा पोती उंच, वरून ताडपत्री टाकलेली — पत्र्यातून पाणी गळतं म्हणून, असं जुना गोदामपाल सांगून गेला होता. लांबीला बारा, रुंदीला आठ, उंचीला पंधरा. चौदाशे चाळीस. मी आकडा लिहिला. उत्तमनं न सांगता बांबूची शिडी आणून लावली. म्हणाला, "चढा ताई, मी धरतो."

मी वर पाहिलं. अंगावर आईनं हट्टानं नेसवलेली नायलॉनची साडी. दारातला एक हमाल दुसऱ्याला म्हणाला, "आता बघ मजा. बाई चढून राह्यली थप्पीवर." दुसरा म्हणाला, "खालून कोन बघनार, तू का मी?"

मी चढले नाही.

शेवटच्या रकान्यात हिरवी खूण केली, सही केली. उत्तमनं माझ्या सहीखाली सही केली. आम्ही दुपारच्या गाडीनं परत आलो आणि अण्णांनी सरांना सांगितलं, पोरीनं मोजणी बरोबर केली.

इथवर फक्त आळस म्हणा, लाज म्हणा. एकोणीस वर्षांच्या मुलीनं साडी सांभाळली. तुम्ही हे माफ कराल, मला माहीत आहे. म्हणूनच मी इथे थांबत नाही.

सात नंबरच्या थप्पीला पेरणीपर्यंत हात लावायचा नाही असं सोसायटीचं ठरलेलं होतं. जूनच्या अखेरीला ती उतरवायला घेतली. वरची ताडपत्री काढली तर आत विहीर. चारशेच्या वर पोती गायब. चार्ज उत्तमकडे, किल्ली उत्तमकडे, आणि मे महिन्यात थप्पी भरलेली होती असं सांगणारा कागद आमच्या ऑफिसचा. त्यावर हिरवी खूण.

तो आमच्या ऑफिसात आला तेव्हा माझा तिथला शेवटचा आठवडा होता. तोच शर्ट. सरांच्या टेबलासमोर उभाच राहिला. खुर्ची होती, पण बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही. आवाज चढवला नाही त्यानं. म्हणाला, "साहेब, मी एक पोतंसुदिक बाहेर काढलं न्हाई. ती थप्पी मला पोकळच मिळाली. वर चढून कुनी बघितलंच न्हाई त्या दिवशी. मोजणी ताईंनी केली, त्यांना इचारा. त्या खोटं बोलायच्या न्हाईत."

हे वाक्य मला शब्दशः आठवतं. तो माझ्यावर आरोप करायला आला नव्हता. साक्षीदार म्हणून त्यानं माझं नाव घेतलं होतं. दारातले हमाल चेअरमनच्या शब्दाबाहेर जाणारे नव्हते, त्याच्याकडे दुसरं कुणी नव्हतंच.

सर माझ्याकडे वळले. "वर चढली होतीस?"

किती वेळ लागतो 'नाही' म्हणायला? अण्णा बघत होते. माझ्यासाठी आणलेली ती खुर्ची, ती पेन्सिल, मांजराएवढे उंदीर — हे सगळं डोक्यात आलं, आणि मी म्हणाले, "हो."

सर हुशार माणूस. ते म्हणाले, "काय दिसलं वर?"

ही दुसरी संधी होती. मी म्हणाले, "ताडपत्रीवर कबुतराची पिसं होती. एका कोपऱ्यात ताडपत्री फाटलेली होती, तिथून आतली पोती दिसत होती. गच्च होती."

असा तपशील जागच्या जागी कुठून येतो, मला आजही कळत नाही. पिसं मी खाली जमिनीवर पाहिली होती, ती उचलून वर ठेवली. सरांचा चेहरा सैल झाला. पिसांनी त्यांची खात्री पटवली. एवढं बारीक सांगणारी मुलगी खोटं कशी बोलेल?

उत्तमनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आपण नीट ऐकलं ना, अशा नजरेनं. मग म्हणाला, "बरं." आणि गेला. जिना उतरताना त्याच्या चपलांचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत येत होता.

अण्णा निळी पेन्सिल तासत म्हणाले, "ह्या लोकांच्या हातात किल्ली दिली की असंच व्हायचं." ह्या लोकांच्या म्हणजे कुणाच्या, ते तिथे सगळ्यांना कळलं. मलाही. मी मान खाली घालून बेरीज करत राहिले. बेरीज बरोबर आली.

पोलिसात दिलं नाही, हे सोसायटीनं उपकार म्हणून सांगितलं. नोकरी गेली. तुटीपायी घरची बैलजोडी गेली, असं अण्णा एकदा बोलता बोलता म्हणाले. त्याच्या वडिलांनी गावात बाहेर बसणं सोडलं, हेही त्यांनीच सांगितलं, आणि वर हसले. दुसऱ्या वर्षी कळलं, तो शहागडला असतो, ट्रकमधला माल उतरवतो. पोतीच. चेअरमनच्या मेव्हण्याला कुणी काही विचारलं नाही. विचारणार कसं? त्यानं भरलेली थप्पी दिल्याचा पुरावा मी होते.

मला सरांनी जाताना पत्र दिलं. त्यात लिहिलं होतं, 'कामात काटेकोर, शब्दाला पक्की.' त्या पत्रावर मला पहिली नोकरी लागली. ते अजून कपाटात आहे. मी टाकून दिलं नाही, कारण पुढे दोनदा उपयोगी पडलं. पाहा, मी अशी आहे.

सर जाऊन आता दहा-बारा वर्षं झाली. ते असताना त्यांना सांगता आलं असतं. एकदा सांगायला म्हणून गेलेही होते, बेसनाचे लाडू घेऊन. त्यांनी नातवाला बोलावून सांगितलं, ही बघ, आमच्या ऑफिसातली पहिली मुलगी. मी लाडू ठेवले आणि परत आले.

शहागडला तो अजून आहे की नाही, मला माहीत नाही. विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नाही. गाडी थांबली की मी पदर पुढे ओढून बसते आणि ट्रक उभे असतात त्या बाजूला बघत नाही.

आता एक राहिलं. हे मगाशी थप्पीपाशी सांगायचं होतं. तेव्हा मी पटकन पुढे गेले — तुमच्या लक्षात आलं नसेल.

हमाल हसले तेव्हा उत्तमनंही ते ऐकलं. माझी अडचण त्याला कळली. तो हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही नका तरास घेऊ. मीच बघून येतो." आणि शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढलासुद्धा. तो वर गेला असता तर हमालांना दिसलं असतं की बाईला जमलं नाही ते त्यानं केलं. मी म्हणाले, "खाली उतरा. मोजणी माझी आहे, तुमची नाही."

तो उतरला. हात झटकले, शिडी उचलून भिंतीशी ठेवली आणि मी बोट ठेवलं तिथे सही केली.

सरांच्या समोर त्यानं हे सांगितलं नाही. मीही नाही.