मांजराच्या मिशीचं विरजण

"माझं नाव काढ, मनवा. आत्ताच्या आत्ता."

"नाही काढणार, आंटी."

"मग मांजराचंपण टाक! मिशी त्याची होती."

परळच्या प्रयोगशाळेत प्रिसिला आंटी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि मनवा कॉम्प्युटर पाठीशी घालून. शुक्रवारी तंत्रज्ञ प्रिसिला आंटी निवृत्त होणार होत्या. आज संध्याकाळी मनवाच्या प्रथिनाची रचना जगाच्या खुल्या संग्रहात जाणार होती, आणि ती शोधणाऱ्यांत तिनं आंटींचं नाव घातलं होतं.

टीबीच्या जंतूत हजारो प्रथिनं. त्यांचे आकार कळले तर औषध कुठे बसवायचं ते कळेल, म्हणून कितीतरी प्रयोगशाळांनी ती वाटून घेतलेली. आकार बघायला आधी प्रथिनाचा स्फटिक लागतो. मनवाच्या वाट्याचं प्रथिन दोन वर्षं नुसता चुरा देत होतं. 'सोडा, पुढचं घ्या,' असं वरून आलं, तेव्हा ती जिन्यात बसून रडली होती.

त्या दिवशी आंटींनी पर्समधून डबी काढली. आत कोळीवाड्यातल्या त्यांच्या मांजराच्या गळलेल्या मिशा.

"शी, आंटी!"

"शी काय गो? धुतल्यात. माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलंय. तुझी आई दही कसं लावते?"

"विरजण घालून."

"मग?"

मिशीचं टोक चुऱ्यात टेकवून आंटींनी प्रथिनाच्या ताज्या थेंबातून एकच रेघ ओढली. ट्रे थंड खोलीत ठेवला आणि सगळ्यांना दम भरला, कोणी हलवायचा नाही. आठवड्यानं सूक्ष्मदर्शकाखाली त्या रेघेवर स्फटिक उभे होते. लखलखीत, ओळीनं.

"ते माझं कामच होतं गो," आंटी आता म्हणत होत्या. "उद्या कोणी विचारलं, बाई, हे प्रथिन करतं काय, तर मी काय सांगू? हसतील."

"ते मी सांगेन. पण स्फटिक कसा आला ते कोण सांगणार?"

"इतक्या पोरांचे थीसिस झाले माझ्यासमोर. एकानं माझ्या नावासाठी असं डोकं नाही खाल्लं."

"म्हणूनच!" मनवाचा आवाज चिरकला. "तुम्ही नसतात तर मी केव्हाच घरी बसले असते, आंटी. माझे गाइड सरही हो म्हणालेत. तुम्हाला नकोच असेल तर खरंच काढते. काढू?"

आंटींनी चष्मा ॲप्रनला पुसला, वाकून पडद्यावरचं नाव वाचलं. परत एकदा वाचलं.

मग पर्स खांद्याला अडकवली आणि "स्पेलिंग बरोबर आहे गो, राहू दे," म्हणत बाहेर पडल्या.