पाळकसाहेबांची सुट्टी

आमचे हे पाळक. बावीस वर्षं एकाच मंडळीचे. कुणाला बाळ झालं की हे, कुणी गेलं की हे, नवराबायकोचं वाजलं की मध्ये पडायला पुन्हा हेच. चर्चचा नळ गळला तरी लोक आधी ह्यांना फोन करणार, मग प्लंबरला. ‘नाही’ हा शब्द देवानं ह्यांच्या तोंडात घातलाच नव्हता. म्हणजे लोकांसाठी. मला बरोब्बर ऐकायला मिळायचा.

मी चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागच्या काड्या वाकवून द्यायच्या. खरं सांगते, ती अनोळखी माणसं ह्यांच्यापेक्षा जास्त वेळ माझ्या डोळ्यांत बघायची.

माझी आई गेली तेव्हा अंत्यविधी ह्यांनीच चालवला. छान बोलले, सगळे रडले. मग आणखी एका घरी प्रार्थना होती म्हणून कबरस्तानातूनच परस्पर गेले. मी घरी येऊन चहा केला. सवयीनं दोन कप केला आणि दोन्ही मीच प्यायले. भांडले नाही. देवाच्या कामाशी भांडणार तरी कशी? ह्यांची दुसरी बाई असती तर तिच्या झिंज्या उपटल्या असत्या.

गेल्या वर्षी माझ्या छातीत गाठ हाताला लागली. तपासणीला एकटीच गेले. सुईनं तुकडा काढून घेतला आणि रिपोर्ट बारा दिवसांनी म्हणाले. ह्यांना सांगायचं कधी, तेच जमेना. तिसऱ्या दिवशी दुपारी हे कुणा पेशंटला भेटून आले आणि बूट न काढताच खुर्चीत बसले. मी समोर स्टूल ओढलं आणि एका दमात सांगून टाकलं.

ह्यांनी माझा हात हातात घेतला. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हात दोनदा थोपटून म्हणाले, “घाबरू नका, ताई. प्रभू तुम्हाला एकटं सोडणार नाही. रविवारी मंडळीत तुमच्यासाठी प्रार्थना ठेवतो.” डोळे मिटून छोटीशी प्रार्थना केली, आमेन म्हणाले, बॅग उचलली, “येतो मी” म्हणाले आणि दार ओढून घेऊन निघाले.

स्वतःच्या घरातून!

माझं डोकं असं सणकलं म्हणता! ताई म्हणे! चांगलं सुनवायचं म्हणून दार उघडलं, तर हे अर्ध्या जिन्यात कठडा धरून उभे. पुढं कुठल्या घरी जायचंय ते आठवत होते, आणि पुढचं घर नव्हतंच. मग तिथंच पायरीवर बसले.

“मी तुला ताई म्हणालो का गं?”

“म्हणालात.”

“समोर कोण आहे ते दिसतच नाही मला हल्ली. तोंड आपोआप बोलतं. प्रार्थनासुद्धा तोंडच करतं. किती दिवस झाले, कुणाला सांगणार?” आणि हे लहान मुलासारखे रडायला लागले.

सांत्वन वगैरे मला जमत नाही. मी नुसती शेजारी बसले. खालच्या मजल्यावरची बाई पिशव्या घेऊन वर आली, दोघांकडे बघून म्हणाली, “किल्ली विसरलात का?” मी हो म्हटलं.

त्याच संध्याकाळी मी चर्चच्या कमिटीच्या अध्यक्षांकडे गेले. रिटायर्ड हेडमास्तर आहेत. सहा आठवड्यांची सुट्टी म्हटल्यावर त्यांच्या भुवया कपाळात गेल्या. “सेवेत कसली सुट्टी, बाई?”

“वादळात होडी बुडायला आली तरी येशू उशी घेऊन गाढ झोपला होता, मास्तर. तो दमायचा, मग तुमच्या पाळकानं काय घोडं मारलंय?”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. सुट्टी मिळाली. पाळकसाहेबांना कुणी फोन करू नये असंही मंडळीत सांगितलं गेलं.

लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की एक फोन आला नाही. सुट्टीच्या चौथ्या दिवशी ह्यांनी मला आतल्या खोलीतून फोन लावायला सांगितला, बिघडलाय का बघायला. वाजला. “बावीस वर्षांत मी एक मित्र केला नाही,” म्हणाले, “सगळे कामाचेच.” मला हसू आलं, कारण पाळकाच्या बायकोलाही कुणी मैत्रीण नसते. रविवारी दुसऱ्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलो. उपासना चालू असताना हे झोपले. मी उठवलं नाही.

बाराव्या दिवशी रिपोर्टला दोघं गेलो. बाहेर खुर्च्यांची रांग होती. समोर एक बाई फाइल मांडीवर घेऊन रडत होती, अगदी एकटी. ह्यांची पाठ ताठ झाली. मी ओळखलं, आता हे उठणार. उठले असते तर मी थांबवलं नसतं, पण त्यानंतर ह्यांच्याकडे परत कधी काही मागितलंही नसतं.

हे उठले नाहीत. माझं मनगट घट्ट धरून बसले.

इतक्यात नर्स आली. ह्यांना ओळखत होती. “अरे, पाळकसाहेब! ह्या तुमच्या मंडळीतल्या का?”

“बायको आहे माझी,” हे म्हणाले. “आणि मी फार घाबरलोय.”

गाठ साधी निघाली. बाहेर आलो तेव्हा समोरची खुर्ची रिकामी होती. त्या बाईचं काय झालं, आजतागायत माहीत नाही. हे तिच्यासाठी अजून प्रार्थना करतात, मोठ्यानं, माझ्या शेजारी बसून. मी आमेन म्हणते. ती तिथं एकटी रडत राहिली आणि मला आनंद झाला, हे मी देवाला सांगितलंय. ह्यांना अजून नाही.